लेटिस ऑर्मची कबर

दफनांची वही १९१२ सालापासूनची होती आणि अजून भरली नव्हती. "गाव एवढंसं, मरून मरून माणसं मरणार किती!" असं म्हणत डॉबनीने ती तिजोरीतून काढली आणि चर्चच्या मागच्या गारठलेल्या खोलीत टेबलावर ठेवली. डॉबनी चर्चचा कारभारी. त्याचा बाप इथेच कबरी खणायचा.

रोवेनाने हातमोजे काढले. बाहेर गाडीत तिची आई, ऑलिव्ह, वाट पाहत होती. वय अठ्ठ्याऐंशी, आणि डॉक्टरांनी मुदत दिली होती उन्हाळ्यापर्यंतची. त्याआधी तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. १९५७ च्या मार्चमध्ये तिला घरीच मुलगा झाला होता, मेलेला. त्याला कुठे पुरलं? तिने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. सुईण त्याला टॉवेलात गुंडाळून खाली घेऊन गेली, आणि डॉक्टर म्हणाला, विसरून जा, पुढच्या वर्षी दुसरं होईल. जसं काही दूधच उतू गेलं होतं. नवऱ्याने, सिरिलने, मरेपर्यंत त्या विषयावर तोंडातून ब्र काढला नाही.

रोवेनाने मार्चचं पान दोनदा वाचलं.

"इथे नाहीये."

"नसणारच," डॉबनी म्हणाला. "बाप्तिस्म्याआधी गेलेल्याला प्रार्थना नाही, कबर नाही, वहीत ओळ नाही. तेव्हाचे पाद्रीबुवा नियमाचे पक्के."

"मग टाकायचे कुठे अशा मुलांना?"

"टाकायला माझा बाप काय राक्षस होता?" डॉबनी चिडला. मग खुर्ची ओढून बसला. "त्या आठवड्यात गावात कुणी मोठं माणूस गेलं, की पेटीचं झाकण ठोकायच्या आधी तो पोराला त्याच्या पायाशी ठेवायचा. म्हणायचा, एवढ्याशा जिवाला एकट्याने कसं पाठवायचं? पाद्रीबुवांना पत्ता लागू द्यायचा नाही. मुलाच्या बापाला तेवढं सांगायचा, तेही बायबलवर हात ठेवून शपथ घालून, की बायकोलाही सांगणार नाही. बोभाटा झाला असता तर नोकरी गेली असती."

"आणि खूण काहीच नाही?"

"आहे की. समासात बघ. पेन्सिलीचा ठिपका. देवाला तरी सापडायला हवं ना."

त्या पानावर ठिपका एकच होता. अकरा मार्च. लेटिस ऑर्म, वय तेहतीस.

रोवेनाने त्या नावावर बोट ठेवलं. हे नाव तिने लहानपणी घरातल्या प्रत्येक भांडणात ऐकलं होतं. लेटिस गावच्या पोस्टात तिकिटं विकायची, न्यूमोनियाने गेली. आणि तेव्हापासून सिरिल दर रविवारी प्रार्थना संपली की तिच्या कबरीपाशी जायचा, गवत काढायचा, दगड पुसायचा. गावाचं तोंड कोण धरणार? बायको जिवंत आणि हा मेलेलीच्या मागे, म्हणून लोक हसायचे. ऑलिव्हने त्याचं अंथरूण मागच्या खोलीत टाकलं, ते कायमचं. त्याला पुरलं तेव्हाही ती फाटकाबाहेर उभी राहिली. रोवेना आईच्या बाजूची. तिनेही बापाला कधी धड उत्तर दिलं नव्हतं.

"तुमचे वडील गेल्यावर तरी बाबांनी आईशी बोलायचं होतं," ती म्हणाली.

"शपथ बायबलवरची होती, पोरी. आणि तोवर तुझी आई त्याच्याशी बोलतच कुठे होती?" डॉबनीने वही मिटली. "हिमफुलं लावायचा तिथे. एका वर्षी जळून गेली. पुन्हा लावली, पुन्हा जळाली. माती खराब आहे म्हणायचा. तरी दर वर्षी नवे कंद आणायचाच."

गाडीपर्यंत जाताना रोवेनाला खोटं बोलावंसं फार वाटलं. भिंतीकडेचा कुठलाही दगड दाखवता आला असता. पण आईला उन्हाळ्यात इथेच, त्या मुलाशेजारी निजायचं होतं. दुसऱ्याच कुणाशेजारी तिला निजवायचं, हे पाप रोवेनाच्याने झालं नसतं.

ऑलिव्हने काच खाली केली. "सापडला?"

"सापडला, आई."

"एकटाच आहे का गं?" तेवढीच भीती तिने इतकी वर्षं बाळगली होती.

"एकटा नाही. लेटिस ऑर्मच्या पेटीत आहे. तिच्या पायाशी. बाबांना शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून. ते त्याच्यासाठी जायचे, आई. तिच्यासाठी नाही."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"मुखदुर्बळ मेला," ऑलिव्ह म्हणाली. मग, "सोमवारी मी जायचे तिथे. तो कामावर गेला की."

"कबरीपाशी? कशाला?"

"किटली घेऊन. पाण्यात मूठभर मीठ टाकायचं, चांगलं उकळायचं आणि तसंच न्यायचं." तिने मांडीवरची शाल दोन्ही हातांनी घट्ट धरली. "पायाशी म्हणालीस ना?"

"हो."

"मला वाटायचं, हा फुलं डोक्याकडे का लावत नाही. पायाकडेच लावायचा," ऑलिव्ह म्हणाली. "मी तिथेच ओतायचे गं सगळं."