फळ्यावरचा कॉर्नर

लेनॉक्स बॅस्कम हॅदरबी फुटबॉल क्लबच्या जिन्यावर कठडा धरून उभा होता. खेळाडू होता तेव्हा काळा म्हणून अख्खं मैदान त्याला शिव्या द्यायचं, कोणी केळीही भिरकावायचं. तेव्हासुद्धा तो एवढा घाबरला नव्हता.

वरचं दार उघडलं आणि क्लाइव्ह रडिक बाहेर आला. दोघे एकेकाळी एकाच संघात खेळले होते.

"अरे लेनी! तू पण?" क्लाइव्हने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तोंड का उतरलंय लेका? आत काही वाघ नाहीत. मला विचारलं काय, तर गोल्फ खेळता का!"

"संघ तळाला आहे क्लाइव्ह. खालच्या लीगमध्ये घसरला, तर पहिला नारळ मॅनेजरलाच."

"मिळाला तर मिळाला. मला तीनदा मिळालाय. पुढचा क्लब बोलावतोच की."

तो शीळ घालत जिना उतरून गेला. लेनॉक्सला नारळ एकदाच मिळाला होता, आणि त्यानंतर त्याचा फोन कधी वाजलाच नव्हता. आता वाजला, तो नियम आला म्हणून. मॅनेजर नेमायचा तर मुलाखतीला एक तरी काळा उमेदवार बोलवायचा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. पण बोलावणं ते बोलावणं. हे हुकलं तर पुन्हा कुणी हाक मारणार नाही, याची त्याला खात्री होती.

आत तिघं बसली होती. अध्यक्ष डग्डेलसाहेब, त्यांचा जावई, आणि संचालक ऑर्मबाई. चहा आला. लेनॉक्सने कप उचलला नाही, बशी वाजली असती.

"पोरांमध्ये जोश कसा भराल?" डग्डेलसाहेबांनी विचारलं.

"शिस्तीचं काय?" जावई म्हणाला.

"तुम्ही काय धावायचात हो!" ऑर्मबाई म्हणाल्या. "आमचे हे अजून सांगतात."

जोश, शिस्त, पाय. डोक्याबद्दल कुणी चकार शब्द काढेना. जावयाने घड्याळाकडे पाहिलं. उठायची वेळ आली की संपलं.

"मी जरा कॉर्नरची किक कशी अडवायची ते दाखवू का?" आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

त्याने खिशातून चुंबकांची डबी काढली आणि भिंतीवरच्या फळ्यावर एकेक खेळाडू लावायला सुरुवात केली. पहिला खाली पडला, तो उचलून पुन्हा लावला.

"या मोसमात तुम्ही सर्वांत जास्त गोल कॉर्नरवर खाल्लेत. का, तर समोरच्यांना कॉर्नर मिळाला की तुमचे सगळेच्या सगळे गोलसमोर गोळा होतात. गोलकीपरला हात वर करायला जागा राहत नाही. त्यातले दोघे उचला आणि मधल्या रेषेवर ठेवा. त्यांना मोकळं सोडायची समोरच्यांची छाती होणार नाही. ते तिघांना मागे पाठवतील. आता बघा, गर्दी किती उरली."

तिघं पुढे वाकली. ऑर्मबाई तर चष्मा लावून फळ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "आणि हा उंच पोरगा इथे?" त्यांनी विचारलं. लेनॉक्सने सांगितलं. डग्डेलसाहेबांनी विचारलं, तेही सांगितलं. हात कापायचे कधी थांबले, त्याला कळलं नाही. इतक्या वर्षांत त्याला कुणी खेळाबद्दल विचारलं नव्हतं, आणि त्याला फार बरं वाटलं.

"सुरेख!" ऑर्मबाईंनी फोन काढून फळ्याचा फोटो घेतला. "क्लाइव्हला लगेच पाठवते. शनिवारच्या सामन्याला उपयोगी पडेल."

जावई बिस्किटं बघू लागला.

"म्हणजे, तसं अजून काही पक्कं नाही," डग्डेलसाहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

ओरडलं तर संध्याकाळपर्यंत साऱ्या क्लबांना कळणार, बॅस्कम गरम डोक्याचा आहे. गप्प बसलं तर काहीच कळणार नाही, नेहमीसारखं. लेनॉक्सने फळ्याकडे पाहिलं. सगळे अकरा आपापल्या जागी उभे होते. तो एकेक चुंबक काढून डबीत टाकू लागला.

"राहू देत की," डग्डेलसाहेब म्हणाले.

"फोटो आहे ना तुमच्याकडे," लेनॉक्स म्हणाला. "फक्त त्यात एक खेळाडू चुकीच्या जागी लागलाय. घाबरलं की माझं असं होतं."

"कुठला?" तिघांनी एकदम विचारलं.

"शनिवारी कळेलच." त्याने डबीचं झाकण लावलं, चहाबद्दल आभार मानले आणि तो बाहेर पडला.

गाडीत बसल्यावर किल्ली भोकात जाईना. वर खिडकीत तीन डोकी एका फोनवर वाकलेली दिसत होती. जावई हातवारे करत होता. तेवढ्यात बायकोचा, मर्लचा, फोन आला.

"काय रे, काय झालं?"

"घाबरलो."

"अरे देवा! खूप?"

"खूप. अजून हात कापतायत." खिडकीतल्या डग्डेलसाहेबांनी फोन उलटा करून पाहिला, मग पुन्हा सुलटा केला. "पण आज त्या खोलीत घाबरलेला मी एकटाच नव्हतो, मर्ल."