सहाव्या दशांशापर्यंत

"दादा, नुसता बघत बसू नकोस. काय ते बोल," धाकटी बहीण म्हणाली.

दादासमोरच्या स्क्रीनवर आकड्यांचे दोन रकाने होते. डावा डोंगरउतारावरच्या वरच्या सेन्सरचा, उजवा खालच्याचा. उतार किती कलला ते दोन्ही सेन्सर दर सेकंदाला मोजत आणि मापं बहिणीच्या केंद्रात एका फाइलमध्ये जमा होत. नऊ दिवसांपूर्वी भरदुपारी त्या मापांचा आलेख पाहून तिने 'उतार स्थिर आहे' असं कळवलं. तासाभरात उतार खालच्या वस्तीवर आला. अकरा माणसं गेली.

उद्या तिला चौकशी समितीपुढे उभं राहायचं होतं. उतार कोसळल्यापासून ती सगळ्यांना एकच विचारत होती, मला दिसलं कसं नाही?

दादाला मात्र आत्ता दिसलं होतं. त्या दुपारी चाळीस मिनिटं दोन्ही रकाने एकसारखे होते, पार सहाव्या दशांशापर्यंत. दोन सेन्सर असे जुळत नाहीत. एकाचे आकडे दुसऱ्याच्या जागी लिहिले गेले होते. वरचा उतार सरकत होता आणि फाइल मात्र खालच्या उताराची खुशाली दोनदा सांगत होती.

फाइलमध्ये आकडे लिहिणारी लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला आयता जोडता येणारा कोड, दादाची होती. मूळची अवघड लायब्ररी कोणा दुसऱ्यांची, तिच्यावर चढवलेलं हे सोपं वेष्टन. सुट्टीच्या दिवशी फुकटात सांभाळलेलं, कितीतरी प्रयोगशाळांत वापरलं जाणारं. बहिणीने तर घरचंच म्हणून डोळे झाकून घेतलं होतं.

"आलेखात एका रेघेवर दुसरी बसली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, दोन्हीकडे सगळं शांत आहे. सेन्सर बिघडला असेल का रे?"

तिनेच वाट काढून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सेन्सर आता मातीखाली होता, तो काही साक्ष द्यायला येणार नव्हता.

दादा तिच्याकडे वळला. त्याने घसा खाकरला.

"तुझा प्रोग्राम दोन थ्रेडमधून एकाच फाइलमध्ये लिहितो ना? म्हणजे दोन माणसं एकाच वेळी एकाच वहीत. एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, त्यासाठी लॉक असतो. तो मी काढला."

"काढलास? का?"

"लोक कुरकुर करत होते, फार हळू चालतं म्हणून. काढला तर वेग दुप्पट झाला. मूळ लायब्ररी स्वतःच सांभाळून घेत असेल, असं मी धरून चाललो."

वेग वाढल्यावर जो तो पाठ थोपटत होता आणि त्याच्याही अंगावर मूठभर मांस चढलं होतं. ते आठवून त्याला स्वतःची किळस आली.

"तपासलं नाहीस?"

दादाने दुसरी खिडकी उघडून स्क्रीन तिच्याकडे वळवली. दोन वर्षांपूर्वी कोणा अनोळखी माणसाने तक्रार नोंदवली होती, दोन थ्रेडमधून लिहिताना आकड्यांची सरमिसळ होते. खाली दादाचं उत्तर होतं. 'माझ्याकडे असं होत नाही. तक्रार बंद करत आहे.'

"तेव्हा मी जुन्या मशीनवर तपासायचो. एका वेळी एकच काम करणारं मशीन ते. त्याच्यावर दोन थ्रेड एकमेकांना कसे भिडणार?" तो तिच्याकडे बघून म्हणाला, "तुझं चुकलं नाही. जे फाइलमध्ये होतं तेच तू वाचलंस."

ती उत्तराच्या त्या दोन ओळी पुन्हापुन्हा वाचत राहिली. आता ही तोंडावर काय काय फेकते, म्हणून दादा मान खाली घालून बसला. पण तिचे खांदे हळूहळू खाली आले. तिने मोठा श्वास सोडला आणि ओढणीने तोंड पुसलं.

"उद्या माझ्याबरोबर येऊन हे सांगशील?"

"सांगेन. आत्ता लिहूनही देतो."

त्याने लिहून दिलं. कागदाची नीट घडी घालून तिने तो पर्समध्ये ठेवला. मग टेबलावर नजर फिरवत, जरा संकोचूनच, ती म्हणाली, "दादा, तुझ्याकडे खायला काही आहे का? मला एकदम भूक लागली."

त्याने आपला डबा तिच्यापुढे सरकवला. भराभर दोन घास घेतल्यावर तिला त्याची आठवण झाली. एक घास तिने त्याच्या हातावर ठेवला. "तू पण खा ना."

दादा तो घास हातात धरून बसला. तिने डबा संपवला तरी त्याचा हात तोंडापर्यंत गेला नव्हता.