ट्रायोतला चौथा

लायब्ररीच्या दारातून चौघं बाहेर पडले. सियोननं गाडीच्या काचेतून पुन्हा मोजले. चौघंच होते.

आपण ट्रायो सोनाटा बसवतोय, असं त्याच्या बायकोनं, रेबेकानं, त्याला सांगितलं होतं. ट्रायो म्हणजे तिघांचा. अडीचशे वर्षांपूर्वीचा. एक व्हायोलिन मिस हार्परचं, दुसरं तिचं, पियानोसारख्या हार्पसिकॉर्डवर म्हातारे मिस्टर कोल. दारावरच्या पोस्टरवरही हीच तीन नावं होती. मग पाठीवर व्हायोलिनहून कितीतरी मोठा चेलो घेऊन रेबेकासाठी दार धरणारा हा उंच माणूस कोण? आणि ती त्याच्याकडे बघून हसते काय?

सियोन स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होता. दिवसभर मालातली खोट शोधायची आणि घरी आल्यावरही तेच चालू ठेवायचं, असा त्याचा खाक्या. त्याचा डबा, त्याच्या भावाचा डबा, कपडे, बाजार, कॅन्टीनमधली अर्ध्या दिवसाची नोकरी, हे सगळं उरकून रेबेका बुधवारी दोन तास वाजवायला जायची. त्याला ते दोन तासच दिसायचे. अलीकडे ती गुणगुणत परतायची. संशयाला तेवढं पुरलं.

आज तो न सांगता आला होता. बारा वर्षांचा संसार हातचा जातो की काय, ही धास्ती त्याला इथवर घेऊन आली होती.

रेबेका गाडीत बसली. "अहो, तुम्ही इकडे कुठे?"

"तो चेलोवाला कोण?"

"पीटर. आमच्यात वाजवतो."

"ट्रायोत? चौघं?"

"चौघंच लागतात. आमची दोन व्हायोलिन म्हणजे दोन पार्ट. तिसरा खालच्या सुरांचा, तो हार्पसिकॉर्ड आणि चेलो मिळून वाजवतात. दोघांचा पार्ट एकच, म्हणून चेलोला वेगळं मोजत नाहीत. पद्धतच आहे तशी."

"मग तो नसला तरी चालेल."

"गेल्या वेळी नव्हता. दहा मिनिटांत थांबलो. सगळं पोकळ वाटायला लागलं."

सियोननं तिचा चेहरा कारखान्यातल्या मालासारखा निरखून पाहिला. खोट सापडली नाही. त्याच्या जिवात जीव आला. सुटलेला माणूस उदार होतो. त्याला त्या उंच माणसाची दयासुद्धा आली.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं आणि नाव कुठेच नाही," तो गाडी सुरू करत म्हणाला. "त्याला वाईट नाही वाटत?"

रेबेका समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"त्याला मी पहिल्याच दिवशी विचारलं," ती म्हणाली. "मला बारा वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत."