सगळ्यांना एकच तुंबा

नेल्बा काब्रेराच्या पत्राला अतिलिओ मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पायसांदूच्या एका लहान दवाखान्यात ती प्रोग्रॅम लिहायची. तिच्या पडद्यावर एका रोग्याचं औषध दुसऱ्याच्या नावावर आलं होतं. ईमेलच्या शेवटी तिने एवढंच विचारलं होतं : ‘मी तुमच्या वेबपानाबरहुकूम केलं. चूक माझी की पानाची? एका ओळीत कळवलंत तर साहेबांना दाखवीन. नाहीतर या महिन्याअखेर मी घरी.’

त्याला दोन हिवाळे उलटले. आज शनिवारी दुपारी, मोन्तेविदेओतल्या क्लबच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर बसलेल्या मास्तरांना ते पत्र आठवलं, कारण तिथे प्रोग्रॅमिंगचा वर्ग घेणाऱ्या मारीस्तेलने भिंतीवरच्या पडद्यावर तेच पान लावलं होतं.

पान मास्तरांनी बनवलेल्या फ्रेमवर्कचं, म्हणजे प्रोग्रॅम उभारायच्या तयार सांगाड्याचं होतं, नवशिक्यांनी सुरुवात कशी करावी हे सांगणारं. तत्त्व साधं. प्रोग्रॅमच्या कुठल्याही भागाने आपल्याला लागणारी वस्तू स्वतः बनवत बसायचं नाही. फ्रेमवर्क ती तयार करून हातात देईल. मास्तरांनी ते येर्बाच्या, म्हणजे तिकडच्या कडवट चहाच्या, तुंब्यावरून समजावलं होतं. घोळक्यात गरम पाण्याचा थर्मास एकाकडे असतो. तोच तुंबा भरतो, तोच हातात देतो; पिणाऱ्याने फक्त नळीला तोंड लावायचं. एक तुंबा, सगळी मंडळी. लोकांना हे इतकं आवडलं की फ्रेमवर्कपेक्षा पानाचंच नाव झालं.

“पान लिहिणारे मास्तर आज स्वतः आलेत,” मारीस्तेलने वर्गाला सांगितलं. “लाजरे आहेत. टाळ्या जरा हळू वाजवा.”

मग पानावरून एकेक पायरी उतरवत सगळ्यांनी दवाखान्याच्या रांगेचा छोटा प्रोग्रॅम बांधला. आपल्या फोनवर नाव घालायचं, नंबर आला की फोन नावानिशी आत बोलावणार. शिवणकाम करणाऱ्या देल्मीराने नाव घातलं, इतरांनी घातलं, सर्वांत शेवटी बसचालक उलिसेसने. आणि हॉलमधल्या प्रत्येक फोनवर एकच ओळ उमटली : ‘आत या, उलिसेस.’

हशा पिकला. उलिसेस म्हणाला, आता डॉक्टरही मीच निघालो नाही म्हणजे मिळवली. देल्मीरा त्याला म्हणाली, “तुझं दुखणं तुझ्यापाशी ठेव रे बाबा. मला माझंच पुरे आहे.”

मास्तर हसले नाहीत.

मारीस्तेल पडद्यावर वरखाली करत राहिली. तिचे कान लाल झाले होते. “माझंच काहीतरी चुकलंय,” ती म्हणाली. “हे पान काही चुकायचं नाही.”

नेल्बाचे साहेबही असंच म्हणाले असणार.

चूक कुठे आहे ते मास्तरांना ठाऊक होतं. रोग्याचं नाव सांभाळणारी वस्तू प्रत्येकासाठी वेगळी हवी. पानावर मात्र ती सगळ्यांत एक, तुंब्यासारखी. एका शब्दाची दुरुस्ती होती. पण मग तुंबे दोन प्रकारचे सांगावे लागले असते, पान लांबलं असतं, त्याची गंमत गेली असती. पायसांदूच्या दवाखान्यात औषधं देणाऱ्या बाईच्या वेळीच लक्षात आलं, चुकीची गोळी कोणाच्या पोटात गेली नाही, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली होती. उत्तर लिहायला ते कितीदा तरी बसले होते. आधी तिचं कौतुक, मग तत्त्व, मग तत्त्वाचा इतिहास. हवी ती एक ओळ यायच्या आधीच दिवस संपायचा. नेल्बाचं पुढे काय झालं, हे विचारायचीही त्यांची छाती झाली नव्हती.

वर्गात येर्बाचा खराखुरा तुंबाही फिरत होता; तो फिरत फिरत त्यांच्या हाती आला. ते तो धरूनच बसले.

“मास्तर,” देल्मीरा थर्मास सावरत म्हणाली, “तो तुंबा आहे, मायक्रोफोन नाही. प्या आणि इकडे द्या.”

त्यांनी घोट घेतला, तुंबा परत दिला आणि उभे राहिले. “चूक पानाची आहे,” ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की कोणालाच ऐकू गेलं नाही. त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं.

मारीस्तेल वळली. “माझी लाज राखायला म्हणताय, मास्तर.”

“नाही. मला माहीत होतं.”

उलिसेसने विचारलं, “माहीत होतं, तर मग दुरुस्त का नाही केलंत?”

मास्तरांच्या मनात पुष्कळ कारणं येऊन गेली.

“छान दिसत होतं,” ते म्हणाले.

मग ते खाली बसले. फोन काढला. त्यावर अजून उलिसेसला आत बोलावणं चालूच होतं. ते बाजूला सारून त्यांनी नेल्बाचं पत्र उघडलं. खाली त्यांचं अर्धवट उत्तर होतं, लांबलचक. ते सगळं पुसलं आणि लिहिलं : ‘चूक पानाची होती. पान मी लिहिलं होतं. साहेबांना दाखवा.’

शेवटच्या दोन शब्दांकडे ते बराच वेळ बघत राहिले. ‘साहेबांना’ तेवढं पुसलं. तिथे ‘ज्याला हवं त्याला’ असं घातलं, आणि पत्र धाडून दिलं.