जुन्या नावाची ओ

घटस्फोटानंतर नर्सबाईंनी कोर्टातून माहेरचं नाव परत मिळवलं. आज ओळखपत्रावरचं बदलायचं होतं.

"जुनं नाव कायमचं काढतो हं," म्हणत कारकुनाने खात्रीसाठी ते मोठ्याने वाचलं.

"आले," मागच्या रिकाम्या बाकावरून ओ आली. आवाज हुबेहूब बाईंचाच होता.

कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, तुमच्या मागे..."

"मागे बघायचं नाही, असं ठरवूनच आलेय. काढा ते नाव."

"अहो, ती उठली! इकडेच येतेय."

"येऊ दे. तिने मुकाट्याने फार सोसलं. मी सोसणार नाही."

बाईंनी यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवला. त्यावर दुसरा, बर्फासारखा गार अंगठा येऊन दाबू लागला. बाईंनी आपला तसूभरही हलवला नाही.

"दाबा बटण," दोघी एकदमच म्हणाल्या.