लिंबूटिंबू

"पाय खाली सोडू नकोस," आत्या म्हणाली आणि तिने बर्फाची पिशवी टिचकीच्या घोट्यावर दाबून धरली.

आत्या म्हणजे टिचकीची नात्यागोत्यातली कुणी नव्हे. समोरच्या कॉलेजच्या संघाची कप्तान. सगळ्यांना सारखी रागावते म्हणून तिच्या पोरींनीच तिला आत्या करून टाकलेलं. दोन दिवसांच्या स्पर्धेतली ही शेवटची दुपार. दोन्ही कॉलेजांत फ्रिस्बी खेळायला तयार होणाऱ्या मुली मोजून सात-सात, राखीव कुणी नाही. त्यात सुरुवातीलाच टिचकीचा पाय मैदानातल्या खड्ड्यात मुरगळला आणि तिच्या संघात सहाजणी उरल्या.

आत्याने सातजणी खेळवल्या असत्या तरी नियमात बसत होतं. पण या खेळाला पंच नसतो. काय बरोबर, काय चूक ते खेळणाऱ्यांनीच ठरवायचं, आणि आत्याने आपलं ठरवून टाकलं. "सातजणींनी सहाजणींना हरवायचं? त्यात काय मोठा तीर मारला," असं म्हणत ती स्वतःच बाहेर येऊन बसली. डॉक्टरीणबाई पट्टी बांधून दुसऱ्या मैदानाकडे गेल्या, तेव्हा बर्फ धरायचं कामही तिनेच अंगावर घेतलं.

टिचकीला अवघडल्यासारखं झालं होतं. परक्या संघाची कप्तान आपला पाय मांडीवर घेऊन बसली तर तिच्याशी काय बोलायचं असतं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. थँक्यू म्हणून म्हणून संपलं होतं. शेवटच्या थँक्यूला तर आत्या रागावलीच होती.

"तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बाहेर बसवायचं ना," टिचकी म्हणाली.

"कुणाला? सगळ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या. पुढे त्यांनाच खेळायचंय, हात बसायला नको? आणि मला अहो-जाहो करू नकोस. म्हातारी झाल्यासारखं वाटतं."

"बरं. मग पुढच्या वर्षी गाठ पडली की मी तुला—"

"पुढच्या वर्षी मी नाही. शेवटचं वर्ष माझं. परवापासून नोकरीवर हजर."

"कुठे?"

"विमा कंपनीत. तिथे फार तर चहाची बशी फेकता येईल."

ती हसली, पण नजर फ्रिस्बीच्या डिस्कवरून हलली नाही. मैदानात कुणी पळालं की तिचा खांदा त्या बाजूला झुकायचा, कुणी उडी मारली की बर्फाची पिशवी जराशी वर उचलली जायची. टिचकी खेळाकडे बघत नव्हती. तिला तो घोट्यावर कळत होता.

तेवढ्यात आत्याच्या पोरींनी गोल केला. आता आणखी एक केला की त्या जिंकणार आणि खेळ संपणार. दोन्ही संघ आपापल्या टोकाला चालायला लागले. टिचकीने पाय काढून घेतला आणि बूट ओढला.

"हे काय चाललंय?"

"मी आत जाते."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"पळू नकोस म्हणाल्या. उभी राहू नकोस असं कुठे म्हणाल्या?" टिचकी बुटात पाय सरकवताना कळवळली, पण थांबली नाही. "लहानपणी आपण लिंबूटिंबू नव्हतो का घेत? तशी मी. कोपऱ्यात नुसती उभी राहीन. पण मी आत आले की आम्ही सात. मग तुम्हालाही सात लागतील."

आत्याने खाली वाकून टिचकीच्या बुटाची नाडी बांधली, वर दुहेरी गाठ मारली. ती बराच वेळ खालीच मान घालून होती.

खेळ सुरू झाला. बाराजणी धावत होत्या आणि दोघी रेषेजवळच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. आत्या गुडघे वाकवून, हात पसरून टिचकीसमोर अशी सज्ज, की जणू तिला अडवणं हेच आजचं सगळ्यात कठीण काम. लिंबूटिंबूचा इतका मान आजवर कुणी ठेवला नसेल. टिचकीला मनापासून बरं वाटलं.

मधे टिचकीची एक सोबतीण कोंडीत सापडली. कुणीच मोकळं दिसेना, म्हणून तिने डिस्क कोपऱ्याकडे भिरकावली. आत्या खरीखुरी उडाली. बोटभर कमी पडलं. डिस्क टिचकीच्या छातीवर आदळली आणि तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

डिस्क हातात आली की जागा सोडायची नाही. अडवणारी मुलगी समोर उभी राहून मोठ्याने दहापर्यंत मोजते, त्याच्या आत डिस्क फेकायची. भराभर मोजलं तर ओरडून थांबवता येतं. सावकाश मोजल्याची तक्रार मात्र कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

"एक," आत्या धापा टाकत म्हणाली. "दोन."

टिचकीच्या सोबतिणी हात वर करून तिला हाका मारत होत्या. दोघी तर चांगल्या मोकळ्या होत्या. टिचकीला त्या दिसल्याही.

"तीन."

आत्याने एकदा मान वळवली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, चुन्याच्या पुसट रेषा पाहिल्या, पळून लाल झालेल्या आपल्या पोरी पाहिल्या. "चार" यायला इतका वेळ लागला, की ओरडणाऱ्या मुली एकेक करून गप्प झाल्या.

"फेक ना आता," आत्या हळूच म्हणाली.

"तू मोज आधी," टिचकी म्हणाली.