हिरव्या वायरचं टोक

रेडिओ आजही घरघरत होता. बायकोने स्वतः जोडलेला. ती होती तोवर तो कधी घरघरला नव्हता. तिला जाऊन दोन महिने झाले होते. आता बिघाड शोधायला घरात मीच.

मी रेडिओचा बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय फिरवून पाहिला. मागे निगेटिव्हला जोडलेली हिरवी वायर खिडकीबाहेर जात होती. कुठे जाते बघावं म्हणून मी अंगणात गेलो. भिंतीलगत जमिनीत ठोकलेल्या सळईपाशी ती संपली.

ती जागा पाहून मी थांबलो. तिथे बायको रोज तांब्याभर पाणी ओतायची. "काय पेरलंयस गं?" मी चिडवायचो.

"उगवलं की ऐकाल," ती हसायची.

म्हणजे हे अर्थिंग होतं. त्याला ओल लागत असेल का? माती तर भेगाळली होती. मी तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं. घरघर विरत गेली आणि खिडकीतून गाणं स्वच्छ ऐकू आलं.

"काय पेरलंत, भाऊ?" शेजारच्या कुंदाताईंनी कुंपणावरून विचारलं.

"मी नाही, तिने," मी म्हणालो. "ऐका, उगवलंय."

तांब्या मी तिथेच ठेवला, उद्यासाठी.